परखी

तुर्भ्यात, दाणा बाजाराच्या मागच्या पोटमाळ्यावर
बैठक भरली दुपारी तीनला,
म्हणजे आमच्या सकाळी.
संमतीपत्र एकोणीस पानांचं.
मी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

चौथ्या पानावर ‘सहभागी’ आलं
तशी कस्तुरा म्हणाली, थांब गं.
कागदावर काय काय म्हणून झालंय आम्हाला,
हे नवीन आहे. परत वाच.
वाचलं.

डॉक्टर गद्रे सावकाश सांगत होत्या:
लशीत जिवंत विषाणू नाही, लशीनं लागण होत नाही.
निम्म्या जणींना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी,
कुणाला काय दिलं, आम्हालाही कळणार नाही.
‘गिऱ्हाइकासारखंच की!’ मागून कुणीतरी.
हसलो. बाईसुद्धा हसल्या, जरा उशिरा.

लस घेतल्यावर रक्त पॉझिटिव्ह दिसू शकतं,
आजार नसताना. त्याचं कार्ड मिळेल.
‘कार्ड दाखवू कुणाला?’ महबूबी म्हणाली,
‘घरमालक ते वाचेस्तोवर
माझी ट्रंक नाल्यापाशी.’
झोयानं फॉर्मवरचे दोन चौकोन मोजले, बाई आणि पुरुष,
आणि विचारलं, सुई कुठल्या चौकोनात टोचणार?
गद्रेबाई समासात लिहीत गेल्या,
शाई संपली तेव्हा माझं पेन घेतलं.

खाली गाळ्यात पोत्यांना परखी लागत होती.
कस्तुरा खिडकीशी उभी.
‘बघा, थप्पीतलं प्रत्येक पोतं टोचतात.
वरचंच बघून भाव केला
तर खालची कीड कळायची कधी?
आम्हाला टोचलंच नाही कुणी.
म्हणे, या बिचाऱ्या, यांना जपू या.
जपलेली शैला गेली. मग तिची पोर.

टोचा.
पण परखी काढल्यावर तो हमाल काय करतो बघा,
बोटानं ताग घासून भोक मिटवतो,
दाणा सांडू नये म्हणून.
तेवढं करणार का?
आणि लस निघालीच,
तर तुर्भ्यात मिळेल,
की न्हाव्याच्या बंदरातून परस्पर जाईल?’

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही.
ते मला बरं वाटलं.

मी यात बसत नाही.
माझं रक्त बारा वर्षांपूर्वीच
उत्तर देऊन मोकळं झालंय.
मी फक्त वाचते.

कस्तुरानं कागद घरी नेला.
गुरुवारी घेऊन आली, कडेला हळदीचा डाग,
समासात तिच्या मुलाच्या अक्षरात अकरा प्रश्न.
सहीची जागा कोरी.
‘आधी हे,’ म्हणाली,
आणि खुर्ची ओढून बसली.