घडीची खुर्ची

बिस्मार्कला पहाटे उणे एकतीस.
पंखांवर नारिंगी औषधाचा फवारा,
काचेवरून ओघळतंय गरम, गोडसर वासाचं काहीतरी,
आणि कॉकपिटच्या दारात हा माणूस, टोपी काखेत :
"कॅप्टन, घडीची खुर्ची मोकळी आहे का?"

रिवाज आहे आमच्यात. कंपनी मोठी असो की छोटी,
विचारायचं. आणि कुणी विचारलं की हो म्हणायचं.
मी हो म्हटलं.

रॉस्को लिंडक्विस्ट. बाहीवर चार पट्टे.
माझ्याही बाहीवर चार.
शेपटीवर दोघांच्याही तोच निळा बगळा,
पगाराच्या कागदावर मात्र
दोन वेगळ्या जातीचे पक्षी.

माझ्या विमानात शहात्तर खुर्च्या होत्या.
त्याच्या संघटनेनं करार केला : सत्तर.
एका रात्री मेकॅनिक आले, सहा उपटून घेऊन गेले.
तिथे आता बोल्टांची बुजवलेली भोकं
आणि कोट टांगायचं एक कपाट,
ज्यात कुणी कोट टांगत नाही.
माणसं विमानात बसत होती.
करारात बसत नव्हती.

दहा हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही,
असा नियम आहे.
त्या दिवशी आम्ही तिघंही नियमाचे आभारी होतो.

मग ढग खाली गेले, दिवा विझला,
आणि एमेटनं विचारलंच. माझा को-पायलट,
वय सव्वीस, डोक्यावर फ्लाइंग स्कूलचं एक लाख दहा हजारांचं कर्ज :
"सर, करारावर मत कुठल्या बाजूनं दिलंत?"

"बाजूनंच," तो म्हणाला.
थोडं थांबून, "तुमची छोटी विमानं माझे मार्ग घेऊन गेली
तेव्हा पाच वर्षं मला घरी बसवलं होतं.
बसवलं म्हणजे काय, ड्युलूथला छपरं ठोकत होतो.
सव्वाशे छपरं. मोजलीत मी."

इंजिनं आपली चालू.
खाली गोठलेलं तळं, त्यावर मासेमारीच्या चार झोपड्या,
एकीतून धूर.

"आणि आता कुठे?" मी विचारलं.
"मिनियापोलिसला. ट्रेनिंगला."
कसल्या, ते त्यानं सांगितलं नाही.
मला माहीत होतं. कराराच्या मागच्या पानावर
बारीक अक्षरात ते कलम आहे :
वरच्याला कमी केलं तर तो खाली येईल,
येताना आपली ज्येष्ठता घेऊन येईल,
आणि डावीकडची खुर्ची घेईल.

यादीत माझा नंबर दोनशे अठरा.
मी उजवीकडे सरकले की एमेट रस्त्यावर.
एमेटला हे अजून कळलेलं नव्हतं,
तो लिंडक्विस्टला बिस्किटं देत होता.

उतरताना लक्षात आलं,
हा माणूस बाहेर बघतच नाहीये.
माझे हात बघतोय.
कुठला खटका आधी, कुठली कळ किती दाबायची,
ओठांतल्या ओठांत पुटपुटतोय,
परीक्षेच्या आदल्या रात्री पुटपुटतात तसं.
राग आला.
आणि त्याच रागात, का कोण जाणे,
पुढची कळ मी जरा सावकाश फिरवली,
त्याला दिसेल अशी.

आडवा वारा होता. चाकं टेकली, आधी एक, मग दुसरं.
तो काही बोलला नाही.
खुर्ची घडी करून त्यानं जागच्या जागी लावली.

दाराशी एका म्हातारीनं त्याचा हात धरला :
"काय छान उतरवलंत हो!"
त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.
ती माझ्याकडे बघून हसली,
आणि पुन्हा त्यालाच म्हणाली, थँक यू.

विमान रिकामं झालं. एमेट कॉफी आणायला गेला.
चेकलिस्टमधलं शेवटचं वाक्यही वाचून झालं होतं,
बॅग मांडीवर होती.
मी अजून बसूनच होते.