उलटे जोडे

तेलिपिनु रुसून गेला, तेव्हा म्हणे
डावा जोडा उजव्या पायात होता.
चुलीत ओंडके घुसमटले,
मेंढीनं कोकराला लाथाडलं,
गरुड रिकामा परतला.
मग म्हाताऱ्या देवीनं धाडली मधमाशी.
वादळाचा देव हसला : हिचे पंख ते केवढे!

हत्तुशाच्या तटाखाली लोकर पिंजत
कुवातल्ला हे सुनेला सांगते.
तिचा झुवान्नीही असाच गेला,
एका शब्दावरून.

माशीनं देवाला गवतात गाठलं, डसली.
उठला तो दुप्पट चिडून.
नद्या फिरल्या, घरं पडली.

"मग?"

मग काय. मेण लावलं डोळ्यांना, तळव्यांना…
कुवातल्ला थांबते.

उंबऱ्याशी मातीत उमटलेलं पाऊल
तेवढं सोडून ती जमीन सारवते.
डावं की उजवं,
आता कळत नाही.