उचकी

आमच्या दुकानात तिला उचकी म्हणतात.
पाकिटावर चिनी अक्षरं, बिलात 'ट्रिम टूल',
पण यासीनभाईंनी ठेवलं ते नाव राहिलं:
दाराचं पॅनल उचकटते, म्हणून उचकी.

नाना पेठेत, डोके तालमीकडून आत, तिसरं शटर.
फळीवर खिळ्यांना टांगलेल्या असतात:
निळी, रुंद जिभेची, डॅशबोर्डच्या फटीत जाणारी;
बेचकीसारखी दुभंगलेली, क्लिपच्या मानेखाली शिरणारी;
दाभणाच्या मुठीची एक, सीटखालचे स्टेपल उपटायला;
मग वाकड्या चोचीची रिंग-पक्कड, जी माझं बोट दोनदा चावलीये.
आणि शेवटच्या खिळ्यावर, कुणी मागितली तरी द्यायची नाही अशी,
यासीनभाईंची, म्हशीच्या शिंगाची.
कंगवेवाल्याकडून आणलेला तुकडा
काचेने तासत बसले होते म्हणे एक अख्खा रमजान.
उजेडात धरली की मधाच्या रंगाची दिसते.

मला पहिले चार महिने
भंगारातलं एकच दार दिलेलं, फियाटचं.
उघड. लाव. उघड. लाव.
"डोळे मीट. क्लिप कुठाय ते हाताला कळू दे.
जोर नको लावू, जोर काय हमालाकडेही असतो.
आणि कान ठेव.
खट् म्हणाली तर सुटली,
कट् म्हणाली तर तुटली."
मी मोजायला सोपं म्हणून
प्रत्येक क्लिपवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचो.
बहिणीची बाटली संपवली त्यात.

मंगळवारी खांबेटेबाई आल्या.
राखाडी झेन, सिमला ऑफिसातून निवृत्त,
जन्मभर पावसाचे मिलिमीटर लिहिलेला हात.
वही काढून वाचायला लागल्या:
"मागचं डावं दार. दांडेकर पुलाच्या चढाला दोनदा.
लॉ कॉलेज रस्त्याला एकदा. थंडीत जास्त.
तीन वर्षं होतील.
उचकी लागल्यासारखं होतं हो दाराला,
कोण एवढी आठवण काढतंय कोण जाणे."

तीन वर्षं म्हटल्यावर
माझ्या मानेवर काहीतरी सरकलं.
या दारांना नवं रेक्झिन आम्हीच लावलेलं.

यासीनभाईंना आता कमी दिसतं.
दुकानाच्या तोंडाशी, खुर्चीत, चहाची बशी धरून ऐकत बसतात.
मी विचारलं नाही, त्यांनी अडवलं नाही,
शिंगाची उतरवली.

खट्.
खट्.
खट् खट्.
पाचवी जरा अडून, खट्.
सहावी.
सातव्या जागी हात नुसताच आत गेला.

पत्र्याच्या तळाशी, धुळीत, वाळक्या पानाच्या चुऱ्यात
ती पडली होती, क्लिपची तुटकी मान,
आपटून आपटून कडा गोल झालेली,
नदीतल्या खड्यासारखी.
आणि तिच्यावर, पुसट, पण होताच,
लाल ठिपका.

सगळं आठवलं.
शेजारच्या दुकानात टीव्हीवर मॅच, शेवटची षटकं,
माझं अर्धं लक्ष तिकडे, आणि बोटाखाली
कट्.
मी मोठ्याने खोकलो होतो.
तुकडा आत ढकलला, पॅनल थोपटून बसवलं,
सहावर निभतं सगळं, असं म्हणालो स्वतःला.
आणि निभलंच की. नुसतं वाजत राहिलं.

"सापडलं का काही?" बाई.
मूठ मिटलेली. नवी क्लिप दुसऱ्या हातात.
म्हणता आलं असतं, दगड होता. नाणं होतं. काहीही.

खुर्चीतून, वळूनही न बघता,
बशीतला चहा फुंकत यासीनभाई म्हणाले,
"खोकला गेला का रे तुझा?"

मी मूठ उघडली.

बाईंनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.
रागावल्या नाहीत. पेनचं टोपण काढलं.
"तारीख सांगा," म्हणाल्या,
"माझ्याकडे नोंदीचा पहिला दिवस आहे,
त्याआधीचा नाही."

मला आठवेना.
यासीनभाईंनी सांगितली. वारासकट.

काल त्यांचा फोन आला.
दार गप्प आहे.
आता टपात काहीतरी वाजतंय,
पण ते, म्हणाल्या, तुमचं नसावं.