बाउक्येच्या कुरणामागची झडप

एक्केचाळीस वर्षं मी मोठ्या पंपघरात काढली.
सतरा कालवे तिथे येऊन मिळतात
आणि मी खिडकीशी,
मापपट्टीवर डोळा, हातात कॉफी, बूट कायम ओले.
फ्रीसलंडमधली आमची ही जमीन समुद्राहून पुरुषभर खाली.
एक रात्र मी झोपलो ना, तर मेंढ्या पोहायला लागतील,
असं शाळेच्या पोरांना सांगायचो
आणि पोरं माझे हात बघायची.

मग पाणीमंडळाने विट्स्केला पाठवलं.
सव्वीस वर्षांची, सायकलच्या टोपलीत लॅपटॉप
आणि गणिताशिवाय काही खाल्लं नसावं इतकी बारीक.
म्हणाली, हिल्के, हा सगळा पसारा
हवा तसा हलवायचा झाला,
कुठलंही पाणी कुठल्याही पातळीला,
तर कमीत कमी किती ठिकाणी हात ठेवावा लागेल?

मी हसलो. एका. इथे.
नाक दाबलं की तोंड उघडतं.

तिने पावाचे तुकडे सारून टेबलावर नकाशा पसरला.
चर, पोटचर, कालवे मिळून तीनशे बारा.
खेळ समज, म्हणाली.
प्रत्येकाने पुढच्या एकाचंच बोट धरायचं.
दोघांचं नाही,
एका हाताने दोन पोरांना दोन जत्रांत नेता येत नाही.
शेवटी ज्याचं बोट कुणीच धरलेलं नसेल
तिथे माणूस उभा करायचा.

पेन्सिल फिरत राहिली.
खोडरबराचा चुरा कॉफीत पडला, तिने तशीच प्यायली.
रात्री साडेनऊला सत्तेचाळीस उरले.
मी त्यात माझं पंपघर शोधलं.
दोनदा शोधलं.
ती म्हणाली, तुझं बोट धरायला सतरा जण रांगेत,
तुला आणखी माणूस कशाला?

उरलेले सगळे टोकाचे.
जिथून पाणी निघतं आणि मागे वळून बघायला कुणी नसतं.
पहिलंच नाव: बाउक्येच्या कुरणामागची झडप.
तिच्या चाकाला मी शेवटचं ग्रीस लावलं
तेव्हा तिचा नवरा जिवंत होता.

मी भांडलो. म्हणालो, तुझी पेन्सिल वेगळी फिरली असती तर?
मग तिने सगळे जोड विसकटले.
कुणाला किती जोड, एवढाच हिशेब ठेवला
आणि कोण कुणाला, ते फासे टाकून ठरवलं.
सत्तेचाळीसचे झाले शेहेचाळीस. मग अठ्ठेचाळीस.
पुन्हा शेहेचाळीस.
चारपाच कालव्यांकडे ढीगभर जोड
आणि बाकीचे एकेका धाग्यावर,
असं असलं की माणसं जास्त लागतात, म्हणाली.
सारखं वाटलं असतं, तर थोडक्यात भागलं असतं.
ती पाण्याबद्दलच बोलत होती.
मला मात्र आमचं गाव दिसलं, चर्चमधल्या बाकांसकट.

निघताना दारात थांबून एक गोष्ट सांगितली,
डॉक्टर दारात थांबून सांगतात तशी.
हलवता येतं म्हणजे परवडतं असं नाही.
टोकाच्या झडपेवरून लांबचं पाणी बोटभर हलवायला
कधीकधी इतका जोर लागतो
की अख्ख्या जिल्ह्याची वीज पुरायची नाही.
कागदावर शक्य, म्हणाली,
आणि धुक्यात तिचा दिवा डावीकडे वळला.

ज्याच्या हाती ससा तो पारधी.
माझ्या हाती काय होतं?
एक खिडकी, जिथे सगळं येऊन पोचायचं.

निवृत्तीच्या आदल्या रात्री मी ग्रीसचा डबा घेऊन गेलो.
चाक किंचाळलं. मेंढ्या उठल्या.
बाउक्ये कंदील घेऊन, नवऱ्याच्या कोटात.
काय मोडलं?
म्हटलं, काही नाही. बघतोय.
तिने कंदील खाली ठेवला, चाकाला दुसऱ्या बाजूने हात घातला.
पाव फेरा.
चरातलं पाणी जरा विचारात पडलं
आणि निघालं.

पहाटे पंपघराच्या पट्टीवर ते कांडंभर चढलं होतं.
माझ्या जागी आलेल्या पोराने वहीत वेळ टाकली,
पातळी लिहिली,
आणि कारणाच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात:
माहीत नाही.