रुमालाखालचा भाव

सांगलीच्या यार्डात मी बोटांनी बोलायचो.
रुमालाखाली हात, समोरच्याचं एक बोट दाबलं की शंभर,
अख्खा पंजा धरला की पाचशे.
तोंडाने चहा, भिशी, पोरांच्या परीक्षा.

मग अंकली फाट्यावर बिनदिव्याची ट्रॉली.
एकोणीस दिवस मी कुठे होतो ते मालनला माहीत.
जागा झालो,
"पाणी" म्हणायचं होतं, तोंडातून "पोतं" आलं.
मालनने पाणीच दिलं.
मग बाहेर जाऊन रडली.
मला ऐकू येत होतं. ऐकण्याचं काही बिघडलं नव्हतं.

अडत धाकट्याने सांभाळली.
मी गादीवर बसायचो, भिंतीवरच्या फोटोखाली,
जवळजवळ त्या फोटोसारखाच.
ओळखीचे शेतकरी नमस्कार करून पुढे जायचे.

नाझनीनबाई शब्द शिकवायच्या,
चित्रातला चमचा, चित्रातली शेळी.
एकदा शेळीवर अडून बसलो तेव्हा म्हणाल्या,
"तवनाप्पा, मिरजेत दवाखान्यात सकाळची पेज वाटायला
माणूस कमी पडतंय. बोलायचं काही काम नाही."

बोलायचं काम नाही!
वर्षभरात इतकं चांगलं वाक्य
मला कुणी ऐकवलं नव्हतं.

आता सव्वासहाची एसटी.
उजवा पाय मागून येतो, कंडक्टर तेवढं थांबतो.
दोन किटल्या, मीठ बेताचं.
जिन्यात झोपलेली जतची, अथणीची माणसं
पेले पुढे करतात, मी कोण ते विचारत नाहीत.
मोजताना चुकतो, एखाद्याला दोनदा मिळतं.
चालतं इथं.

काल अकरा नंबरच्या खाटेवर इरगोंडा,
उसाच्या गाडीवरून पडलेला.
बायको वाकून विचारत होती, "ओळखलं का? मी कोण, सांगा की!"
त्याचे डोळे.
ते मला आतल्या बाजूने ठाऊक आहेत.

मी चादरीखाली हात घातला,
त्याचं एक बोट दाबलं,
आणि थांबलो.
घाई केली की सौदा फसतो.
किटली निवत चालली, जिन्यातून कुणीतरी हाक मारली,
मी हात काढला नाही.

मग माझ्या बोटावर त्याचा अंगठा.
एकदा.
जरा वेळाने, परत.

तिला सांगायला वळलो.
"आहे" म्हणायचं होतं,
तोंडातून "हळद" आलं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग चादरीच्या फुगवट्याकडे,
मग तिने स्वतःचा हात आत सारला.

मी पेज ओतली.
थोडी सांडली.