अजून थोडं खाली

उर्शुलाचं म्हणणं, निवृत्त माणसानं मासे धरावेत.
मी तिच्याकडे कोबीचं भांडं मागितलं.
तिच्या आईचं. उंच, अरुंद,
आंबट कोबी शिजवून शिजवून तळाला तपकिरी झालेलं.
आता त्यात साडेतीन किलो मेण आहे मधमाश्यांचं,
आणि आलेला पाहुणा दारातच विचारतो,
आज कोबी का?

मेण थेट आचेवर ठेवायचं नसतं.
खाली पाण्याचं पातेलं, पाण्यात भांडं,
भांड्यात मुरंब्याचा थर्मामीटर, सत्तरच्या जरा वर.
फार तापलं तर आधीचे थर वितळून जातात,
दहा बुड्यांची कमाई एका बुडीत बुडते.
निवलं, तर अंगावर गाठी.
पहिला आठवडाभर या वातींनी मला वात आणला.
सगळ्या गाजरासारख्या निघाल्या,
एक तर चक्क कोपरातून वाकलेली.
उर्शुलानं तिला माझ्या मेव्हण्याचं नाव ठेवलं.

मग वातीच्या टोकाला लोखंडी नट बांधला,
आमच्या क्रेनचा, शेवटच्या दिवशी खिशात राहिलेला.
राहिलेला म्हणतो. घेतलेला.
दोरा ताठ झाला,
आणि पुढचं हातांनी मला विचारलंच नाही.

खाली. थांब. वर.

चौतीस वर्षं हेच तर केलं,
ग्दिनियाच्या धक्क्यावर, बेचाळीस मीटर उंच
काचेच्या खोलीत, पायांखालीही काच.
जहाजाच्या पोटात कंटेनर असा टेकवायचा
की आतल्या कपाला कळू नये
त्याची बशी बंदराला लागली.

खाली लेऑन असायचा, नारिंगी जाकिटात.
एवढ्या वरून चेहरा तिळाएवढा, पण हात दिसायचे.
एकवीस वर्षं मी ते हात वाचले.
तळवा जमिनीकडे: खाली.
अंगठा आणि तर्जनी, मधे चिमूटभर हवा: अजून थोडं.
मूठ: बस.
कँटीनमध्ये समोरासमोर बसायचो.
तो सूप प्यायचा, मी मीठ पुढे करायचो.
तो बोलताना अडखळतो
हे मला त्याला पुरताना कळलं, त्याच्या बहिणीकडून.
मला वाटायचं, आमचं जमत नाही.

एक नोव्हेंबरला अख्खं शहर कबरस्तानात असतं.
दुकानातले दिवे लाल काचेचे, टोपीवाले,
दोन दोन दिवस जळतात, कुणाचं काही अडत नाही.
मी नेली बत्तीस बुड्यांची माझी मेणबत्ती,
काकडीच्या लोणच्याच्या बरणीत उभी करून.
समुद्रावरून वारा. विझली.
पुन्हा लावली. विझली.
चौथ्यांदा मी गुडघे टेकले, बरणी दगडाच्या आडोशाला सरकवली,
अजून थोडं, अजून थोडं खाली.
शेजारच्या कबरीपाशी लाल टोपीतला एक मुलगा
मला बघत होता, जसं बंद पडलेलं यंत्र बघतात.
धरली एकदाची.
कोबीचा वास आला.
लेऑनला काय वाटलं असेल!

घरी आल्यावर आठवलं, नट कापायचा राहिला.
शेवटी तळ कापून काढतात तो. मेणाच्या पोटातच राहिला.

तिसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो.
अर्ध्यात विझलेली असणार, खात्री होती.
बरणीत मेण नव्हतंच.
कुणीतरी पुन्हा लावली होती, एकदा की कितीदा देव जाणे;
बाजूला तीन जळक्या काड्या, ओलसर.
तळाशी काजळी धरलेला नट.

हात आत घातला होता.
मग राहू दिला.

येताना ट्राम सोडून पायी आलो,
जरा जाड वात घेतली,
आणि एक खिळा, झाकणाला भोकं पाडायला.