सातवी की नववी

सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये, तीन नंबरला,
बारा सेन्सर आहेत. बाराही भिंतीवर.
मधल्या क्रेटांना कुणी काही विचारलेलं नाही.

केळी पिकताना स्वतःच तापते
हे मला फैजपूरच्या कॉलेजात
उष्णतेचं समीकरण शिकवताना माहीत नव्हतं.
मी फळ्यावर दांडा काढायचे, लोखंडाचा,
एका टोकाला जाळ, एका टोकाला बर्फ,
आणि मधलं सगळं सुटायचं, तास संपायच्या आत.

इथे उलटं आहे.
टोकं ठाऊक, मधलं नाही;
उत्तर हातात, प्रश्न कुलपात.
मधेच दार उघडलं तर गॅस जातो,
गॅस गेला की केळी अर्धी हिरवी राहते
आणि झोपेशेठ फोन करतात.

पहिल्या रात्री न्यूरल नेटवर्कला नुसते आकडे दिले.
शहाणं पोर, पाठांतरात पहिलं:
बाराच्या बारा दशांशापर्यंत जुळवले
आणि मधे लिहिलं,
चौथ्या थप्पीत उणे चाळीस,
तिच्या शेजारणीत नव्वद.
भिंत खूश होती.
केळ्यांचं कागदावर अर्धं भरीत झालं होतं, अर्धा बर्फ.

मग त्याला नियम सांगितला:
ऊन थंडाकडे जातं, हळूहळू,
जिथून जातं तिथे तेवढंच कमी होतं,
आणि यात खोटं बोललास तर दर खोट्याला दंड.
दंड किती?
तो एक आकडा मी ठरवायचा.
जास्त ठेवला की सगळी खोली एकसारखी सतरा,
गुळगुळीत, सोज्वळ, बिनकामाची.
कमी ठेवला की पुन्हा उणे चाळीस.
भिंतीवर किती विश्वास ठेवायचा, नियमावर किती,
यावर मी दोन रात्री घालवल्या
आणि एक थर्मास चहा, रोज.

बामणोदला आई वांगी भाजायची
पऱ्हाट्यांच्या जाळावर.
देठाजवळ अंगठ्याने दाबायची, एकदाच,
आणि आतलं सांगायची.
मी म्हणायचे, कापून बघ ना.
कापल्यावर मग भाजू कसं, बाई?
सकाळी राख चाचपत मी शोधायचे
कोणतं वांगं कुठे होतं.
राख सगळीकडे सारखीच गार.
ते समीकरण मागे चालत नाही हे फार पुढे शिकले;
उष्णता विसरत जाते,
आणि विसरलेलं परत मागितलं
की तोंडाला येईल ते सांगते.

तिसऱ्या रात्री नेटवर्क म्हणालं: सातवी थप्पी. किंवा नववी.
दोन्हींनी भिंतीवर तेच बारा आकडे उमटतात.
आत दोन, बाहेर एक.

हवा बदलायला सकाळी दार उघडतात, वीस मिनिटं.
हुसेन तडवी आत गेला,
सत्तावीस वर्षं याच वासातला माणूस.
क्रेटांच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला,
एक थप्पी, दुसरी थप्पी, मधे उगाच थांबला.
"सातवी. घाई करू राह्यली ती."
किती अंश?
"अंश मले काय माहीत, मॅडम. अंग कोमट लागते तिचं."

मी त्याला तेरावं निरीक्षण म्हणून नोंदवलं.
पण प्रत्येक निरीक्षणापुढे एक रकाना असतो, चुकीचा.
सेन्सरची चूक अर्धा अंश, कंपनीच्या कागदावर छापलेली.
तळव्याची?
हुसेनभाऊ, तुम्ही किती वेळा चुकता?
हसला.
"चुकलो का नाही ते इंदूरले कयते, चार दिवसानं.
मंग तिकून कोणी सांगत नाही."

रकाना रिकामा ठेवला तर प्रोग्राम पुढे जात नाही.
मी दोन लिहिलं. खोडलं. दीड.
कॉम्प्रेसर सुरू झाला, बाराही आकडे एकदम हलले.
हुसेन हात पँटीला पुसत चहाला गेला,
आणि सातवीवर नेटवर्कने हळूच
अर्धा अंश चढवला.
नववीकडून मात्र
काही काढून घेतलं नाही.